इकडील सर्व क्षेम
(परदेशी तैनात जवानाचे आईवडील आणि त्यांचे गाव या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या मराठी पत्रांत एक वाक्य ठरलेले असे. मायना लिहून झाला की पहिल्याच ओळीत ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे’ असे लिहिले जाई. पाऊस न झाल्याने पेरणी उलटलेली असो, गोठ्यातला बैल दगावलेला असो, की घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असो, ही पहिली ओळ सहसा बदलत नसे. तो पत्रलेखनाचा शिष्टाचार होता. परंतु पत्र वाचणारा मुलगा समुद्रापलीकडे शस्त्र घेऊन उभा असतो, तेव्हा या शिष्टाचाराच्या वाक्याला निराळेच वजन येते. तो ते वाक्य वाचतो, पुन्हा वाचतो आणि ते खरे आहे की आपल्याला बरे वाटावे म्हणून लिहिले आहे, याचा अंदाज घेत बसतो.

सैनिकाला शस्त्र, शिधा आणि गणवेश शासन पुरविते. प्रशिक्षण पलटण देते. आईवडिलांनी त्याला द्यावयाचे ते हे एकच वाक्य होय. ते केवळ लिहिलेले असून भागत नाही, ते खरे असावे लागते. आणि ते खरे करणे एकट्या आईवडिलांच्या हाती नसते; त्यासाठी गाव, शाळा, ग्रामपंचायत आणि शासकीय कार्यालये यांचा हात लागतो. प्रस्तुत विषयाचा गाभा तो हाच.

समुद्रापारची जुनी वाट

महाराष्ट्रातील घरांना परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणे नवीन नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी पाठविण्यात आली आणि त्यांपैकी सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढला. तेथील कुत या गावी तुर्की सैन्याने डिसेंबर १९१५ मध्ये वेढा घातला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी आतील फौजेला शरण जावे लागले. वेढ्यात आणि नंतरच्या कैदेत सापडलेल्या जवानांमध्ये मराठा पलटणींचे लोकही होते. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या एका गावाने त्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. त्यांच्या स्मरणार्थ गावात स्तंभ उभा आहे आणि ‘मिलिटरी आपशिंगे’ हे नाव त्या गावाला कायमचे चिकटले आहे.

त्या काळी घर आणि रणभूमी यांच्यामध्ये दोन अनोळखी माणसे उभी असत. एक म्हणजे पत्र लिहून देणारा. बहुतेक आईवडिलांना अक्षरओळख नव्हती, म्हणून गावचे मास्तर किंवा लिहितावाचता येणारा एखादा ग्रामस्थ पत्र लिहून देई आणि आलेले वाचून दाखवी. दुसरा म्हणजे सेन्सॉर. १९१४ साली फ्रान्समध्ये हिंदी सैनिकांच्या टपालाची तपासणी करणारी कचेरी सुरू झाली. आपले पत्र वाचले जाते हे जवानांना ठाऊक झाले, तेव्हा त्यांनी सांकेतिक शब्द शोधले. हिंदी सैनिकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्या सैनिकांना ‘लाल मिरची’ म्हणण्याची युक्ती त्या तपासनिसांच्या अहवालांत नोंदलेली आहे. एवढ्या अडथळ्यांतूनही जवान सत्य घरी पोहोचविण्याची धडपड करीत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सत्याची गरज दोन्ही बाजूंना होती.

दुसऱ्या महायुद्धातील दोन मराठी नावे सर्वपरिचित आहेत. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील, माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतील अप्पर टायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांचे वय अवघे २२ वर्षांचे होते. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी त्याच देशात सेनिओ नदीच्या काठी पराक्रम केला; सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून त्यांनी दोन जखमी सोबत्यांना उचलून आणले आणि मग शत्रूची यंत्रतोफांची ठाणी निकामी केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका घरी पदक आले, माणूस आला नाही. दुसऱ्या घरी दोन्ही आले. इटलीतील मोंतोने या गावी २०२३ साली यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघटिकेच्या रूपातील स्मारक उभारले गेले. मुलगा जेथे पडला, त्या परक्या मातीने त्याची आठवण ठेवली. त्याच्या मागे राहिलेल्यांची आठवण ठेवणे हे मात्र त्याच्या स्वतःच्या मातीचे काम असते.

शांतीच्या कामावरचे जवान

स्वातंत्र्यानंतर भारतीय सैनिक परदेशी गेला तो बहुधा कोणाचा मुलूख जिंकण्यासाठी नव्हे, तर शांतता राखण्यासाठी. १९५० साली ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक कोरियात गेले. १९५३ मध्ये त्याच देशात, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा सांभाळ करण्याचे अवघड काम भारतीय संरक्षक दलाकडे आले. त्या दलाचे नेतृत्व कोल्हापूरकडील मेजर जनरल शं. पां. थोरात यांनी केले. त्या दलासाठी ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ अशी अक्षरे छापलेली भारतीय टपाल तिकिटे काढण्यात आली होती. पुढे काँगोतील तुकडीसाठी १९६२ मध्ये आणि गाझातील तुकडीसाठी १९६५ मध्ये अशीच खास छापाची तिकिटे निघाली. हजारो मैलांवरच्या बराकीतून आलेल्या पाकिटावर आपल्याच देशाचे तिकीट पाहून घरच्यांना किती धीर आला असेल, याची कल्पना करता येते.

तथापि ‘शांतिसेना’ या शब्दाने फसून जाऊ नये. काँगोतील मोहिमेत ५ डिसेंबर १९६१ रोजी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी प्राणार्पण केले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेचे अकराशेहून अधिक जवान कामी आले. त्यांतील मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनाही परमवीर चक्र मरणोत्तरच लाभले. दक्षिण सुदानमध्ये ९ एप्रिल २०१३ रोजी दबा धरून झालेल्या हल्ल्यात पाच भारतीय सैनिक मारले गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अकोबो येथील तळावर आणखी दोघे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लेबनॉनच्या दक्षिण भागात संयुक्त राष्ट्रांच्या ठाण्यांवर मारा झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये काँगोतील गोमा शहर बंडखोरांच्या हाती पडले. दोन्ही ठिकाणच्या मोहिमांत भारतीय जवान होते. आजवर दोन लाख नव्वद हजारांच्या आसपास भारतीयांनी संयुक्त राष्ट्रांच्या पन्नासाहून अधिक शांतिमोहिमांत काम केले असून पावणेदोनशेहून अधिक जणांनी त्यात प्राण वेचले आहेत. यात मुलीही मागे नाहीत. २००७ साली लायबेरियात गेलेले भारतीय महिलांचे पोलीस पथक हे संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातील अशा प्रकारचे पहिले पथक होते. तेव्हा ‘जवानाचे आईवडील’ असे म्हणताना लेकींचे आईवडीलही त्यात आलेच.

या कामाचा एक विशेष आईवडिलांनी समजून घेतला पाहिजे. लढाईत सैनिकाला शत्रू समोर दिसतो. शांतिमोहिमेत दोन भांडणारे गट दिसतात, आश्रयाला आलेली बायकामुले दिसतात, शिव्या देणारा जमाव दिसतो. आणि हातात बंदूक असूनही बहुतेक वेळा ती न चालविता उभे राहावे लागते. या कामात धैर्याइतकाच संयम लागतो. ज्याचे मन घरच्या काळजीने पोखरले आहे, त्याचा संयम केव्हा सुटेल याचा नेम नसतो. म्हणून घरची स्वस्थता ही केवळ कौटुंबिक बाब राहत नाही. ती त्या जवानाच्या, त्याच्या सोबत्यांच्या आणि त्याच्या भरवशावर जगणाऱ्या परक्या माणसांच्या सुरक्षिततेशी जोडलेली असते.

एका घराचे चित्र

सातारा जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यातील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. नावगाव कोणतेही धरावे. दोन एकर जिराईत, एक विहीर, साठी ओलांडलेले वडील, आई, सून आणि शाळेत जाणारी नात. मुलगा दक्षिण सुदानमध्ये वर्षभरासाठी गेलेला आहे. तिकडचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे आहे, हे आईला पाठ झाले आहे. येथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिकडे साडेपाच झालेले असतात. जेवणे आटोपून भांडी घासून झाली की ती फोन समोर ठेवून बसते. कधी जाळे मिळते, कधी मिळत नाही. मिळाले तर पहिला प्रश्न ‘जेवलास का?’ आणि शेवटचे वाक्य ‘इकडची काळजी करू नको.’

याच घरात एका उन्हाळ्यात वडिलांच्या छातीत दुखू लागते. त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात न्यावे लागते. त्याच सुमारास बांधावरून शेजाऱ्याशी वाद निघतो आणि तहसील कार्यालयातून एक नोटीस येते. घरातील सर्वांचे एकमत होते, की मुलाला यातले काही कळवावयाचे नाही. तो लांब आहे, तो काय करणार? चार दिवस फोनवर आई सांगते की आबा रानात गेले आहेत. पाचव्या दिवशी गावातील एक उत्साही तरुण रुग्णालयातील खाटेवरच्या वडिलांचे छायाचित्र गावाच्या फोनगटावर टाकतो आणि खाली ‘लवकर बरे व्हा’ असे लिहितो. हेतू चांगलाच असतो. परंतु ते छायाचित्र त्याच रात्री हजारो मैलांवर पोहोचते.

मुलगा फोन करतो तेव्हा तो रागावलेला नसतो, घाबरलेला असतो. “आबा, मला दुसऱ्याकडनं कळतंय, तुमच्याकडनं का न्हाई?” तो विचारतो.

“तू लांब हाईस म्हणून न्हाई सांगितलं,” वडील म्हणतात.

“लांब हाय म्हणूनच सांगाया पायजे हुतं.”

या उत्तरात सर्व काही आले. वडिलांचे दुखणे आठवड्याभरात आटोक्यात येते, परंतु घरातील एक गोष्ट मोडलेली असते. त्यानंतर आई कितीही वेळा ‘सगळं ठीक आहे’ म्हणाली, तरी तिकडे तो शब्द तोलून पाहिला जातो. आईचा आवाज जरा बसलेला वाटला की तो बायकोला विचारतो, बायको गप्प राहिली की मित्राला विचारतो. जो शब्द त्याला झोप देत होता, तोच आता त्याची झोप घालवितो. मायेपोटी लपविलेल्या बातमीची ही किंमत असते.

काय सांगावे आणि कसे सांगावे

याचा अर्थ घरातील प्रत्येक कुरबूर मुलाच्या कानावर घालावी असा नव्हे. सासूसुनेतील रुसवेफुगवे, दुधाचा थकलेला हिशेब, भावकीतील टोमणे यांवर त्याला तेथून काहीही करता येत नाही आणि चार दिवसांत त्यांचा विसरही पडतो. अशा गोष्टी घराने घरातच पचवाव्यात. परंतु गंभीर आजार, अपघात, मृत्यू, जमिनीचा वाद, कर्ज आणि न्यायालयाची किंवा महसूल खात्याची नोटीस या बाबी त्याच्यापासून लपवू नयेत. त्या आज ना उद्या कळणारच असतात. प्रश्न एवढाच, की त्या कोणाच्या तोंडून कळतात.

सांगण्याचीही एक रीत आहे. बातमी सांगताना त्याबरोबर काय उपाय केला, कोण सोबत आहे आणि पुढे काय होणार आहे हेही सांगावे. ‘आबांना रुग्णालयात ठेवले आहे’ एवढेच सांगणे म्हणजे त्याच्या डोक्यावर ओझे ठेवणे होय. ‘आबांना काल दाखल केले, डॉक्टरांनी तपासले, धाकटे काका सोबत आहेत, उद्या पुन्हा फोन करून कळवितो’ असे सांगितले म्हणजे ओझे वाटून घेतले जाते. निघण्यापूर्वीच घरात एक ठराव करून ठेवावा, की महत्त्वाची बातमी घरातील एकाच ठरलेल्या व्यक्तीने सांगावयाची, ती पूर्ण सांगावयाची आणि फोन लागत नसेल तर पलटणीमार्फत कळवावयाची. त्यासाठी मुलाचा सैन्य क्रमांक, पलटणीचे नाव, भारतातील रेजिमेंट केंद्राचा पत्ता व दूरध्वनी ही माहिती घरातील भिंतीवर नव्हे, पण हाताशी लागेल अशा जागी लिहून ठेवलेली असावी. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगाव येथे आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे आणि बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकी येथे. एवढेही अनेक आईवडिलांना ठाऊक नसते.

उलट बाजूनेही एक पथ्य आहे. मुलगा कोठे आहे, त्याची तुकडी केव्हा हलणार, ठाण्यावर किती माणसे आहेत, हे त्याच्याकडून खोदून विचारू नये आणि कळले तरी गावभर सांगू नये. त्याने अभिमानाने पाठविलेले छायाचित्र सर्वांना दाखविण्याचा मोह आवरावा. शंभर वर्षांपूर्वी ही काळजी घेण्यासाठी सेन्सॉरची कचेरी होती. आज ती काळजी आईवडिलांच्या हातातील फोनवर येऊन पडली आहे.

कागद आणि कायदा

भावनेइतकीच कागदांची व्यवस्था महत्त्वाची आहे. मुलगा परदेशी जाण्यापूर्वी घरच्या व्यवहारासाठी कोणाला तरी रीतसर कुलमुखत्यारपत्र करून द्यावे. बँकेची खाती, विमा, पत्नीचे आणि आईवडिलांचे नाव असलेली सेवापुस्तकातील नोंद, नामनिर्देशन हे सर्व सर्वांसमक्ष तपासून घ्यावे. याविषयी बोलणे अशुभ मानणारी घरे पुष्कळ आहेत. परंतु न बोलल्यामुळे पुढे सून आणि सासूसासरे यांच्यात जे दुरावे निर्माण होतात, ते अधिक अशुभ असतात.

जमिनीच्या बाबतीत विशेष सावध राहिले पाहिजे. फेरफाराची नोंद होताना तलाठी कार्यालयातून संबंधितांना नोटीस दिली जाते आणि हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. जवानाचे नाव सातबाऱ्यावर असेल आणि नोटीस त्याच्या अनुपस्थितीत आली, तर घरच्यांनी ती तशीच ठेवून देऊ नये. ती घेऊन तलाठ्याकडे जावे आणि खातेदार परदेशी सेवेत आहे हे लेखी कळवावे. अशा वेळी तलाठ्याने थोडी वाट पाहिली, एखादा शब्द समजावून सांगितला, तर त्या कुटुंबावर मोठे उपकार होतात.

न्यायालयीन दाव्यांसाठी तर कायद्यानेच संरक्षण दिले. भारतीय सैनिकांच्या दाव्यांसंबंधी १९२५ साली केलेल्या कायद्याचा हेतू असा, की युद्धपरिस्थितीत किंवा समुद्रापार सेवेवर असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीचा फायदा घेऊन कोणी त्याच्याविरुद्ध निकाल पदरात पाडून घेऊ नये. हा कायदा दिवाणी आणि महसुली अशा दोन्ही न्यायालयांसाठी करण्यात आला. सैनिक हजर राहू शकत नाही आणि त्याच्या वतीने रीतसर अधिकार असलेला कोणी उभा नाही, अशा स्थितीत कामकाज तहकूब करण्याची तरतूद त्यात केली गेली. आपल्या जिल्ह्यातील सैनिकाची अशी अडचण जिल्हाधिकाऱ्यांच्या लक्षात आली, तर त्यांनी स्वतः न्यायालयाला तसे कळवावे, यासाठीही त्यात कलम घालण्यात आले. परदेशी सेवेचा काळ मुदतीच्या गणनेतून वगळण्याची सोयही केली गेली. कायदा शंभर वर्षांपूर्वीचा. परंतु त्याची माहिती ज्याच्यासाठी तो केला त्या घरापर्यंत किती पोहोचली, हा प्रश्न प्रत्येक महसूल अधिकाऱ्याने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

एक लहान पण बोलकी सवलत मतदानाची आहे. सैनिक आपल्या गावच्या मतदारसंघात सेवा मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो आणि २००३ च्या दुरुस्तीपासून लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकीत त्याला आपल्या वतीने मत देण्यासाठी प्रतिनिधी नेमता येतो. मुलगा परदेशी असताना त्याच्या नावाचे मत देण्यासाठी वडील रांगेत उभे राहतात, तेव्हा त्या घराचा देशाशी असलेला संबंध दुहेरी होतो.

गावाचे काम

आता गावाकडे वळावे. जवानाच्या आईवडिलांना सत्कार, शाल, श्रीफळ आणि भाषणे वर्षातून दोनदा मिळतात. त्यांना हवी असते ती मदत उरलेल्या दिवसांत. रात्री अपरात्री दवाखान्यात नेण्यासाठी वाहन, पेरणीच्या दिवसांत दोन जास्तीचे हात, कार्यालयातील अर्ज भरून देणारा कोणीतरी, एवढ्याच त्यांच्या गरजा असतात. ग्रामपंचायतीने आपल्या गावातील सेवेतील जवानांची यादी ठेवावी, त्यांपैकी सध्या परदेशी कोण आहे याची नोंद अंतर्गत वापरापुरतीच असावी आणि त्या प्रत्येक घराची जबाबदारी एका सदस्याने घ्यावी. याला वेगळे अनुदान लागत नाही.

शिक्षकांचे काम अधिक नाजूक आहे. पूर्वी मास्तर पत्र लिहून देत असत. आता लिहून देण्याची गरज कमी झाली असली, तरी त्या घरातील मूल त्यांच्याच वर्गात बसलेले असते. बाप परदेशी असलेले मूल अकारण चिडू लागले, अभ्यासात मागे पडू लागले किंवा दूरचित्रवाणीवरील बातमीने भेदरले, तर ते प्रथम शिक्षकाच्याच ध्यानात येते. नकाशावर दक्षिण सुदान किंवा लेबनॉन कोठे आहे हे त्या दिवशी वर्गात दाखविले आणि तेथे आपला जवान लोकांचे रक्षण करतो असे सांगितले, तर त्या मुलाची भीती थोडी अभिमानात पालटते.

अफवेच्या बाबतीत तर सर्वांनीच जबाबदारी घेतली पाहिजे. परदेशात हल्ला झाल्याची बातमी येते तेव्हा नावे उशिरा कळतात. या मधल्या काही तासांत त्या घरासमोर गर्दी करणे, विचारपूस म्हणून दहा फोन करणे, अर्धवट माहिती पुढे ढकलणे हे सर्व क्रौर्यच होय. खरी बातमी सैन्याकडून रीतसर येते, तोवर शेजारच्या एखाद्या जाणत्या बाईने आईजवळ जाऊन शांत बसावे, एवढे पुरे.

जिल्हा पातळीवर सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. बहुतेक कुटुंबांना हे कार्यालय माजी सैनिकांचे किंवा वीरपत्नींचेच वाटते. ते सेवेतील जवानांच्या कुटुंबांसाठीही आहे, त्यांच्या अडचणी तेथे मांडता येतात, हे ग्रामसभेत मोठ्याने सांगण्याची आवश्यकता आहे. दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन साजरा होतो आणि निधी गोळा केला जातो. त्याच दिवशी गावातील प्रत्येक जवानाच्या घरी जाऊन ‘काही अडचण आहे काय’ असे विचारण्याची प्रथा पडली, तर निधीइतकेच मोल त्या प्रश्नाला येईल.

आईवडिलांचे स्वतःचे काय?

शेवटचा मुद्दा आईवडिलांच्या स्वतःविषयीचा. मुलाला आधार देणारे हे दोघे स्वतः कोणाचा आधार घेत नाहीत. औषध चुकते, जेवण चुकते, रात्रभर बातम्या पाहिल्या जातात. वडील काळजी बोलून दाखवीत नाहीत, कारण पुरुषाने ती दाखवू नये अशी रीत. आई बोलत नाही, कारण बोलले तर खरे होईल अशी भीती. मुलासाठी करावयाची सर्वांत मोठी सेवा म्हणजे त्यांनी स्वतःची प्रकृती सांभाळणे ही होय. बातम्या दिवसातून एकदा पाहाव्यात, रक्तदाब वेळेवर तपासून घ्यावा. गावात दुसऱ्या जवानाचे आईवडील असतील, तर त्यांच्याकडे अधूनमधून जाऊन बसावे. ज्याने ही वाट चालली आहे, त्याच्याजवळ न बोलताही पुष्कळ बोलता येते.

पूर्वी चितारलेल्या त्या घरात पुढे काय झाले? वडील घरी आल्यावर त्यांनी मुलाला फोन लावला आणि काहीही न वगळता सर्व सांगितले. छातीतील दुखणे, बांधाचा वाद, तहसीलची नोटीस, सर्व. तलाठ्याने नोटिशीवर जवान परदेशी असल्याचा शेरा नोंदवून घेतला. मुलाने पलटणीतून दाखला पाठविला. ग्रामपंचायतीच्या सदस्याने शेजाऱ्याला आणि या घराला एकत्र बसविले आणि सुट्टीवर मुलगा आल्यावर मोजणी करावयाचे ठरले. त्या रात्री आई पूर्वीप्रमाणेच म्हणाली, की इकडची काळजी करू नको. वाक्य तेच होते. परंतु आता ते वाक्य उभे करण्यासाठी एक डॉक्टर, एक तलाठी, एक पंचायत सदस्य, एक शेजारी आणि एक शिक्षक यांनी हातभार लावलेला होता.

परदेशी गेलेला जवान देशाच्या वतीने शब्द पाळीत असतो. त्याच्या घरी दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी गावाची आहे. प्रत्येक गावात असे एखादे घर असेलच. ते कोणते आहे, याचा शोध आजच घ्यावा. आणि त्या घरातून समुद्रापार जाणारे ‘इकडील सर्व क्षेम’ हे वाक्य खरे ठरेल, याची काळजी सर्वांनी मिळून वाहावी.